उडुमुल्लच्या विहाराची वेठ

सिंहलद्वीपाच्या मध्यभागातील डोंगराळ मुलूख, त्यातील उडुमुल्ल हे गाव, आणि रस्तेकराचा कायदा ज्या वर्षी प्रथम अमलात आला त्या वर्षीचा पोसोन, म्हणजे ज्येष्ठ, महिना: पुढील हकिकतीचे स्थळ आणि काळ हे असे आहेत.

कायदा थोडक्यात असा होता. प्रत्येक धडधाकट पुरुषाने वर्षातून सहा दिवस सरकारी रस्त्यावर अंगमेहनत करावी, किंवा ठरलेल्या तारखेच्या आत तीन शिलिंग भरून मोकळे व्हावे. दोन्ही न करणाऱ्यास तुरुंग. भिक्षूंविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. आणि ज्यांचा उल्लेख नाही त्यांना सूटही नाही, असा अर्थ कचेरीने लावला होता.

आमच्या गावाची तक्रार कराविषयी होती त्याहून अधिक त्याच्या खर्चाविषयी होती. ओढ्यावरचा आमचा दगडी बंधारा दोन पावसाळ्यांपूर्वी फुटला होता. राजाच्या काळी तो फुटला की राजकार्य म्हणून सारे गाव जमे आणि तो पुन्हा उभा राही. नव्या सरकारने राजकार्य रद्द केले तेव्हा आम्ही आनंदाने दूधभात शिजवला; परंतु वेठ संपली तशी बंधाऱ्याची दुरुस्तीही संपली, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. कचेरीकडे अर्ज केला, तर अशा कामासाठी तरतूद नाही असे उत्तर मिळाले. आता ज्या रस्त्यासाठी आमचे हात मागितले जात होते, तो गावाला वळसा घालून गलकंदच्या कॉफीमळ्याकडे चढत होता आणि तेथेच, कॉफी वाळवण्याच्या अंगणात, संपत होता. गावाकडून घेण्याची तरतूद कायद्यात होती, गावावर खर्चण्याची नव्हती. याहून वेगळा अर्थ कोणी काढून दाखवला तर मी तो आजही ऐकून घेईन.

बंधाऱ्याविना गाव तगून होते ते विहारामागच्या रानामुळे. त्या रानातला झरा कडक उन्हाळ्यातही आटत नसे, आणि त्याच्या पाण्यावर निदान निम्मी भातशेती होत असे. रान विहाराला राजाने दान दिलेले होते आणि विहार सोभित स्थविरांच्या हाती होता. त्यांचा एकुलता शिष्य तापाने गेला होता. त्यामुळे त्यांच्यामागून विहार त्यांच्या गुरुबंधूंकडे, म्हणजे डोंगरावरच्या विहारातील इंदजोती भिक्षूंकडे, जाणार हे ठरलेले होते. इंदजोतींनी आपल्या विहाराचे रान कॉफीसाठी मळेवाल्याला दिले होते, आणि त्याखालच्या गावातल्या बायका आता आमच्या झऱ्यावर घागरी घेऊन येत. सोभित स्थविर जोवर भिक्षू होते, तोवर आमचे रान उभे होते. मी गावचा वैद्य. विहाराच्या दायकांच्या, म्हणजे त्याला दान देणाऱ्या गावकऱ्यांच्या, वतीने लिहिण्याबोलण्याचे काम माझ्याकडे असे, म्हणून हा हिशेब मला तोंडपाठ होता.

आता आमची चूक. राजाच्या काळी सेवा जमिनीवर बसे. ज्या शेताची पाळी असेल त्या शेताकडून कोणीही गेला तरी चाले; बाप आजारी असेल तर मुलगा जाई, मुलगा नसेल तर जावई. आमच्या पिढ्या याच रीतीवर पोसल्या होत्या. म्हणून विहाराची शेती कसणाऱ्या डिंगिरी अप्पूने आधी स्वतःची पाळी केली आणि मग स्थविरांच्या नावाने दुसऱ्यांदा रस्त्यावर जाऊन आला. गावचा मुखिया, आरच्चि कलु बंडा, याने ते मनापासून मान्य केले, आणि पैसे भरण्याची तारीख आम्ही निश्चिंतपणे जाऊ दिली.

तारखेनंतर कचेरीचा दुभाषी आला. हा किनारपट्टीचा ख्रिस्ती माणूस, डॉन कोर्नेलिस मुदलियार. डोक्यात कासवाच्या पाठीचा कंगवा, पायात बूट. विहाराच्या दानशाळेच्या पायरीशी ते बूट काढताना त्याने दोनदा उसासा टाकला.

"आरच्चि, तुमच्या यादीत एक नाव शिल्लक आहे."

"शिल्लक कसं, मुदलियार? विहाराची पाळी झाली की. डिंगिरीनं केली."

"डिंगिरीनं डिंगिरीची केली."

"अहो, दोनदा गेला तो! एकदा स्वतःची, एकदा विहाराची. त्याची पाठ दाखवू का?"

"पाठ त्याचीच ना? मग काम पण त्याचंच. सरकारनं जमिनीला नाही बोलावलं, माणसाला बोलावलंय."

कोपऱ्यात उकिडवा बसलेला डिंगिरी उठून उभा राहिला. "मग माझे जास्तीचे दिवस परत द्या की."

"कुठून देऊ? खिशात घालून आणलेत काय मी?"

लोक हसले, पण ते हसू टिकले नाही. तेवढ्यात रन मेणिके पुढे आली. ती स्थविरांची थोरली बहीण. भिक्षेचे जेवण रोज तीच आणी, आणि धाकट्या भावाला, भिक्षूला म्हणतात तसे आदराने 'हामुदुरु' म्हणून, रोज गुडघे टेकून वंदन करी. तिने कमरेची गाठ सोडून नाणी पायरीवर ठेवली.

"हे घ्या तीन शिलिंग. हामुदुरूंच्या नावानं मांडा."

"तारीख गेली, अम्मा."

"तारीख गेली म्हणजे? नाणं आंबलं का?"

"कायदा आहे. माझ्या हातात काय?"

"तुमच्या हातात कधीच काही नसतं, मुदलियार. तरी बोटांत अंगठ्या मात्र असतात."

दुभाष्याने ते कानाआड केले आणि स्थविरांकडे वळून आवाज मऊ केला. "हामुदुरु, मी वाईट माणूस नाही. सोपी वाट सांगतो. सहा दिवस चीवर उतरवा, पांढरं नेसा, थोडी खडी फोडा. सातव्या दिवशी परत चीवर. आमचे पाद्री घोड्यावर बसताना झगा काढतातच की."

"झगा खुंटीला टांगता येतो," स्थविर म्हणाले. "हे नाही येत."

दुभाष्याला ते उमगले नाही. आम्हाला मात्र उमगले. जो भिक्षू आपल्या मुखाने व्रत सोडतो, त्याला पुन्हा दीक्षा घेता येते; परंतु त्याची सारी ज्येष्ठता पुसली जाते, काल मुंडन झालेल्याच्याही खाली त्याला बसावे लागते, आणि विहारावरचा त्याचा हक्क त्याच क्षणी पुढच्या वारसाकडे जातो. तो हक्क परत येत नाही. घटकाभर सोडले काय आणि सहा दिवस सोडले काय, परिणाम एकच. इंदजोतींना हे माहीत होते. मळेवाल्यालाही त्यांच्याकडून कळले असावे. पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून आरोप करीत नाही.

"मग तुरुंग," कलु बंडा पुटपुटला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुरुंग कशाला?" स्थविर शांतपणे म्हणाले. "आम्हाला माती खणायला मनाई आहे. दगड म्हणजे माती नव्हे. मी येईन आणि चीवर अंगावर ठेवून दगड फोडीन. कायद्याला माणूस हवाय ना? माणूस मिळेल."

मला तो तोडगा निर्दोष वाटला. विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचाराच्या, नियमांत त्याला आधार होता आणि सरकारच्या कायद्यात त्याला मनाई नव्हती. दुभाषीही होकारार्थी मान हलवून गेला. दोन कायद्यांचे समाधान झाले. लोकांचे काय होईल, याचा विचार आम्ही कोणीच केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्थविर रस्त्यावर गेले; मी, कलु बंडा आणि पाळी संपलेला डिंगिरी त्यांच्या सोबतीला गेलो. चढावर तीन-चार गावांची माणसे कामाला लागलेली होती. खालून वरपर्यंत हातोड्यांचा आवाज भरून राहिला होता. स्थविरांनी मुकादमाला नाव सांगितले, हातोडा घेतला, चीवर नीट सावरून ते खडीच्या ढिगाशी बसले आणि पहिला दगड फोडला.

जवळच्या माणसाने आपला हातोडा खाली ठेवला. त्याच्या पलीकडच्यानेही ठेवला. भिक्षू खाली बसून दगड फोडतो आहे आणि आपण त्याच्या शेजारी उभे आहोत, हे कोणालाच सोसेना. कोणी गुडघे टेकले, कोणी हात जोडले. आवाज वरच्या अंगाला हळूहळू विझत गेला, आणि शेवटी साऱ्या चढावर एकच हातोडा वाजत राहिला.

"अरे, काम करा!" मुकादम ओरडला. "आज सण आहे का?"

"तूच कर की," डिंगिरी म्हणाला. "ते बसलेत खाली, तू उभा. लाज वाटत नाही?"

"हामुदुरु, त्यांना सांगा ना काम करायला."

स्थविरांनी सांगितलेही. "बाबांनो, मी माझं करतो, तुम्ही तुमचं करा." एका म्हाताऱ्याने हातोडा उचलला, वर नेला, आणि रडत पुन्हा खाली ठेवला.

दुपार होण्याच्या थोडे आधी कचेरीचा असिस्टंट एजंट साहेब घोड्यावरून आला. मागे मलय शिपायांची तुकडी. साहेब तरुण होता, घामाने भिजलेला, आणि माझ्या अंदाजाप्रमाणे भ्यालेला. तो दुभाष्याशी बराच वेळ बोलला. दुभाषी ते आमच्या बोलीत सांगू लागला तेव्हा त्याचा नेहमीचा डौल पार गेला होता.

"साहेब म्हणतात, भिक्षू काम करतोय, त्याबद्दल त्यांचं भांडण नाही. पण त्याच्या वस्त्रानं सगळा रस्ता अडलाय. ते वस्त्र इथं चालणार नाही. ते उतरवून काम करायचं, नाहीतर आत्ताच्या आत्ता तुरुंगात. आणि तुरुंगात वस्त्र काढून घेतातच."

"कोण काढतो बघू!" डिंगिरी पुढे झाला. कोणीतरी खाली ठेवलेला हातोडा त्याने उचलला होता. पण आता तो दगडासाठी नव्हता. "या चीवराला हात लावणारा हात मनगटापासून तोडीन."

त्याच्यामागे माणसे सरकली. कोणी हुकूम दिला नव्हता. तरी बघता बघता स्थविरांभोवती कडे झाले आणि प्रत्येकाच्या हातात हातोडा, कुदळ किंवा पहार होती. साहेबाने एक शब्द उच्चारला. शिपायांनी बंदुका खांद्याला लावल्या. शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या शिपायाची बंदूक एका जागी नेम धरत नव्हती. तिचे तोंड कधी डिंगिरीवर, कधी त्याच्या मागच्या पोक्त कलु बंडावर जाई.

"डिंगिरी, खाली ठेव," मी ओरडलो.

"वैद्यबुवा, तुम्ही बाजूला व्हा. हे औषधाचं काम नाही."

"मरशील!"

"मग मरू. चीवरासाठी मरायला मिळतंय, आणखी काय पाहिजे?"

त्या कड्यातून हुंकार उठला. साहेबाने हात वर केला. तो हात खाली आला की काय होणार हे चढावरच्या प्रत्येकाला कळत होते. भाकरी आणि फणसाची भाजी घेऊन आलेली रन मेणिके टोपली छातीशी धरून वाटेतच थांबली होती.

स्थविर उठले. त्यांनी कड्यातल्या चेहऱ्यांकडे एकेक करून पाहिले. चेहऱ्यांवर भीती नव्हती, आणि मला वाटते, त्यांना धास्ती त्याचीच बसली. मग ते दुभाष्याला म्हणाले:

"मुदलियार, इकडे लक्ष द्या. मी बोलतो ते तुम्हाला समजतं ना?"

"समजतं, हामुदुरु."

"हामुदुरु म्हणू नका. मी व्रत सोडतो. आजपासून मला गृहस्थ समजा."

आवाज मोठा नव्हता, पण तो कड्याच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला. त्यांनी चीवर उतरवले, घडी घातली आणि ती माझ्या हातात दिली. मुकादमाने खांद्यावरचे पांढरे उपरणे मुकाट्याने पुढे केले. ते त्यांनी कमरेला गुंडाळले. उघड्या अंगाने ते डिंगिरीसमोर जाऊन उभे राहिले.

"आता कशासाठी मरणार, डिंगिरी?"

डिंगिरीने त्यांच्याकडे पाहिले. त्याच्यासमोर पांढरे नेसलेला, छातीवर पिकले केस असलेला एक किडकिडीत माणूस होता. त्याचा हात सैल झाला आणि हातोडा त्याच्याच पायाजवळ पडला. पाठोपाठ इतरांचेही पडले. ज्याच्यासाठी लढायचे ते उरलेच नव्हते. साहेबाचा हात सावकाश खाली आला, पण आता त्या हाताकडे कोणी पाहत नव्हते.

सोभित वाटेवर आले आणि वाकून बहिणीच्या पाया पडले. रन मेणिके चटका बसल्यासारखी मागे सरली.

"हे काय करताय? मला नरकात घालता काय?"

"थोरली बहीण आहेस, अक्का."

तीस वर्षांत त्यांनी तिला प्रथमच अक्का म्हटले होते. तिने टोपली खाली ठेवली आणि तोंडावर पदर घेतला. ते परत ढिगाशी गेले, हातोडा उचलला आणि काम करू लागले. थोड्या वेळाने साऱ्या चढावर हातोडे पुन्हा वाजू लागले. वेठीचे दिवस त्यांनी पूर्ण केले. गावात परतल्यावर ते आपल्या खोलीत गेले नाहीत. वाटसरूंसाठी बांधलेल्या पडवीत निजले. चीवराची घडी मी विहारात ठेवली होती, तिला त्यांनी हात लावला नाही.

इंदजोतींनी आठवड्याच्या आत विहारावर हक्क सांगितला. आम्ही हरकत घेतली, आणि वाद राजाच्या जुन्या राजधानीतील भिक्षूंच्या संघसभेपुढे गेला.

मी फार तयारी केली होती. वाटेत कलु बंडा म्हणाला, "वैद्यबुवा, जिंकू ना आपण?" मी म्हटले, नियम आपल्या बाजूला आहे, आणि तो होताही. केवळ शब्द उच्चारल्याने व्रत सुटत नाही. सोडण्याची इच्छा मनात असावी लागते. बंदुकीपुढे उच्चारलेला शब्द हा इच्छेचा पुरावा होत नाही. कोणाचा जीव वाचवण्यासाठी मनात नसलेले बोलले असेल, तर तो फार तर असत्याचा दोष. तो कबूल करून शुद्ध होता येते. हे सारे मी आधारांसह मांडले. उच्चासनांवर बसलेले वृद्ध भिक्षू माना डोलावीत होते. इंदजोती खाली पाहत होते. माझ्या शेजारी रन मेणिकेने माझ्या उपरण्याचे टोक मुठीत धरले होते.

सभेच्या अग्रभागी बसलेल्या महास्थविरांनी सोभितांकडे पाहिले. सोभित आमच्यात, गृहस्थांच्या चटईवर बसले होते.

"वैद्यबुवांचं म्हणणं आम्हाला पटतं," महास्थविर म्हणाले. "एकच विचारायचं राहिलं. घाई नको. भीतीनं माणूस ओठांनी पुष्कळ बोलतो, मन तिथं नसतं. तसं असेल तर तसं सांगा, आणि हा वाद इथंच मिटला. त्या वेळी तुम्हाला व्रत खरोखर सोडायचं होतं का?"

हा प्रश्न नव्हता, हे उघडे दार होते. सभेतील प्रत्येकाला ते दिसत होते. "नाही" एवढा एक शब्द बोलायचा होता, आणि रान, झरा, निम्मी भातशेती सारे वाचत होते. रन मेणिके दबल्या आवाजात म्हणाली, "नाही म्हणा. हामुदुरु, नाही म्हणा ना."

सोभितांनी बहिणीकडे पाहिले. "पहिल्यांदा मी तसंच ठरवलं होतं," ते म्हणाले. "ओठांनी बोलायचं, मन राखायचं. पण डिंगिरीचा चेहरा पाहिला. तो मला लहानपणापासून ओळखतो. मी खोटं बोललो असतो तर त्याला कळलं असतं, आणि त्यानं हातोडा सोडला नसता. म्हणून मी खरंच सोडलं."

"पूर्ण मनानं?"

"पूर्ण मनानं."

"तुमच्या गावाचं पाणी यावर अवलंबून आहे, हे ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"आणि तरीही हेच उत्तर?"

"दुसरं उत्तर दिलं तर मी भिक्षू ठरेन, आणि खोटं बोलून ठरेन. मग त्या दिवशी ती माणसं कशाभोवती उभी राहिली होती?"

डिंगिरी सभेच्या दाराबाहेर उभा होता. तो भिंतीकडे तोंड करून खाली बसला. माझ्यापाशी आणखी दोन आधार शिल्लक होते. मी उठलोही होतो. महास्थविरांनी हाताने मला बसायला सांगितले. त्यांनी दोन्ही बाजूंच्या वृद्धांकडे पाहिले. एकानेही मान वर केली नाही.

"सोभित हा गृहस्थ आहे," ते म्हणाले. "विहार इंदजोती भिक्षूंचा."